गाईला विचारलं का?

काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरायची, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं आकडा वाचायचा, आणि वाचून झाला की हळूच म्हणायचं, "आजपातूर तरी."

आक्कांचं हे असं होतं. "या कॅनचं फॅट चार हाय. आजपातूर तरी." "टेम्पो सातला येतोय. आजपातूर तरी." एकदा आमच्या दूध संस्थेच्या सचिवांच्या मुलीचं लग्न ठरलं, ते पेढे वाटत लॅबमध्ये आले. आक्कांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पोरगं लई चांगलं हाय म्हणत्यात, आजपातूर तरी." सचिवांचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता!

तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, प्रत्येक वाक्याला एकच शेपूट जोडणारं. आपण हसतो, नकला करतो. मी तर आक्कांची नक्कल इतकी भारी करायचो की दुधाच्या रांगेतली माणसं कॅन खाली ठेवून हसायची. त्या शेपटात काय आहे ते कळायला मला एक आख्खा दुष्काळ लागला.

नाव नाही सांगत. सगळे आक्काच म्हणायचे, चेअरमनपासून टेम्पोवाल्यापर्यंत. मांजरसुंब्याच्या अलीकडं रस्त्याला लागून आमच्या सहकारी दूध संस्थेचं केंद्र होतं. आजूबाजूच्या गावांचं दूध तिथं यायचं, तपासलं जायचं, थंड होऊन पुढं जायचं. तपासायचं काम आक्कांचं. बीएस्सी केमिस्ट्री, पांढरा कोट, कोटाला ॲसिडनं पडलेली बारीक बारीक भोकं. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. आणि मी, नुकताच बीडहून कंप्युटरचं शिकून आलेला, रोज नेकनूरहून एसटीनं येणारा, डोक्यात नुसती हवा! संस्थेनं दूध तपासायचं नवीन मशीन घेतलं होतं आणि ते चालवायला, त्याचं सॉफ्टवेअर बघायला मला ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी आक्कांनी माझं बारसं केलं. "अय कंप्युटर, हिकडं ये."

थांबा, चहाचं राहिलंच. ते आधी सांगतो, कारण पुढं लागणार आहे.

जिथं रोज हजारो लिटर दूध यायचं, जिथं शिपायाच्या चहातसुद्धा साय तरंगायची, तिथं आक्का कोरा चहा प्यायच्या. काळा, गुळाचा. मी पहिल्या आठवड्यात विचारलं, "आक्का, दूध चालत न्हाई का तुम्हाला?"

"मला चालतंय."

"मग?"

"पी की तुझा तू."

एवढंच. मला वाटलं, ॲसिडिटी असेल.

तर मशीन. आक्कांची जुनी पद्धत अशी होती: नळीत आधी ॲसिड, मग दूध, मग थोडं अल्कोहोल, वर बूच, आणि मग ती नळी हातानं फिरवायच्या चक्रात घालून गरागरा फिरवायची. ॲसिड बाकीचं सगळं विरघळवून टाकतं, चरबी तेवढी वर येऊन बसते. ती मोजायची. एका नळीला दहा मिनिटं. आणि माझं मशीन? चाळीस सेकंद! फॅट, दुधातला बाकीचा माल, मिसळलेलं पाणी, सगळे आकडे पडद्यावर. मला वाटलं आता भांडण होणार. म्हातारी माणसं मशीनला शिव्या देतात ना, तसं काहीतरी. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

आक्कांनी पंधरा दिवस प्रत्येक कॅन दोन्ही पद्धतींनी तपासला. वहीत दोन रकाने पाडले, एक स्वतःचा, एक मशीनचा. सोळाव्या दिवशी वही माझ्यापुढं टाकली आणि अशा खूश, जणू त्यांचाच मुलगा पास झालाय. "माझ्यापरीस बरं वाचतंय रे हे! माझा डोळा सकाळी एक वाचतोय अन् दुपारी एक. ह्याचं तसं न्हाई."

माझी उत्तरं वाया गेली.

"पण ह्याला शिकवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"कंपनीनं."

"कुठल्या गाईवर?"

"आता ते कुणाला माहीत असतं, आक्का!"

"मंग तसं लिहून ठेव. कुठल्या गाईवर शिकलंय ते म्हाईत न्हाई." आणि मी लिहीत नाही हे बघून त्यांनी स्वतःच लिहिलं.

आक्कांच्या वह्यांत एक खाकी पुठ्ठ्याची वही वेगळी होती. वर शाईनं लिहिलेलं, 'मोडलेलं'. आत तीस वर्षांत जे जे खोटं ठरलं ते. 'संध्याकाळचं दूध पातळ असतं.' खाली लाल रेघ, 'मोडलं. दोनशे वेळा मोजलं, संध्याकाळचं फॅट जास्त.' 'काळ्या गाईचं दूध दाट.' मोडलं. पुस्तकातलं एक वाक्य उतरवून काढलेलं, तेपण मोडलं! मी म्हणालो, "आक्का, लोक खरं ठरलेलं लिहून ठेवतात."

"खरं ठरल्यालं कशाला लिहावं? ते रोज समोर असतंय. मोडल्यालं इसरून जातंय माणूस, अन् फिरून तिथंच जाऊन पडतंय."

"आणि दोन अधिक दोन चार, त्याला न्हाई का आजपातूर तरी?" मी खोडी काढली.

त्यांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. त्यांना खोडीसुद्धा खऱ्या प्रश्नासारखी वाटायची. "त्याला न्हाई लागत. ते आपूण आपल्यात ठरवल्यालं हाय, ते पक्कं ऱ्हातंय. गाईनं जे दिलं त्याला लागतंय. गाय बदलती, चारा बदलतोय, साल बदलतंय. अन् तुज्या कंप्युटरला तर..."

"त्याला काय?"

"त्याला सकाळपातूरच लागतंय! परवा तूच न्हाई का म्हणलास, आक्का, कालचं चालत न्हाई, नवीन टाकावं लागंल?"

मी खरंच तेव्हा सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती टाकत होतो.

आक्का बौद्ध घरातल्या. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे, पण पोरीला बीडला ठेवून शिकवलेलं. नोकरीला लागल्या तेव्हा दूध काचेच्या नळीनं तोंडानं ओढून मोजायचे. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यानं रांगेत आरडाओरडा केला, आमच्या दुधाला हिनं तोंड लावायचं न्हाई, आमच्यात असंच असतंय. आक्का म्हणाल्या, "दादा, तोंड लावल्यालं दूध मोरीत जातंय. तुमचं कॅनातलं तसंच हाय. अन् तुमचं फॅट आज लई चांगलं आलंय. लिहू का मोरीत टाकू?"

म्हाताऱ्यानं कॅन पुढं सरकवला. मग म्हणाला, "लिव्हा."

"पुढं तोच माणूस दुसऱ्या कुणाला दूध मोजू द्यायचा न्हाई," आक्का हसत सांगायच्या. "त्याचं 'असंच असतंय' त्या दिवसापातूर खरं होतं बघ."

आता दुष्काळाचं.

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला. माघातच विहिरी तळाला गेल्या, टँकर चालू झाले, आणि केंद्रापासून हाकेच्या अंतरावर माळावर चारा छावणी लागली. गावंच्या गावं जनावरं घेऊन तिथं राहायला आली. ताडपत्र्या, दावणी, शेणाचे ढीग, आणि चारा म्हणजे ऊस नाहीतर उसाचं वाढं, म्हणजे वरचे शेंडे. हिरव्या गवताची काडी नाही.

आमच्या केंद्राच्या दारात पूर्वीपासून एक काळा फळा होता. दुधात पाणी घालणारा सापडला की त्याचं नाव त्यावर खडूनं लिहायचं. शिक्षा बाकी काही नाही, नाव आठवडाभर राहायचं बस. पण लोक त्या फळ्याला कोर्टापेक्षा जास्त घाबरायचे. आणि मी काय केलं असेल? मी तो फळा मोबाईलवर आणला! कुणी सांगितलं नव्हतं, माझी माझी हौस. मशीननं पाणी दाखवलं की सॉफ्टवेअर नाव उचलणार आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्या सभासदांना मेसेज जाणार: 'आज खालील सभासदांच्या दुधात पाणी आढळले.' चेअरमननी बैठकीत माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस हवेत.

आक्का फक्त म्हणाल्या, "खडूला निदान लिहिताना हात लागतोय रे."

मग कौसाबाईचं नाव आलं.

कौसाबाई म्हणजे छावणीतली एकाच गाईची मालकीण. ढवळी नावाची गाय, सकाळी चार लिटर, संध्याकाळी तीन. मशीननं दाखवलं, मिसळलेलं पाणी नऊ टक्के. दूध परत, मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी ती कॅन घेऊन रांगेत उभी राहिली तर मागून कुणीतरी बोललंच, "काय गं कौसा, टँकर तुज्याच दावणीला उभा ऱ्हातोय म्हणं!"

ती मागं वळली नाही. मशीनपाशी आली, पडद्यावरचे लाल आकडे बघितले. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग कळत होता. मला म्हणाली, "बाळा, टँकर चार दिसाला येतंय. माणसाला दोन घागरी. घालायचं म्हणलं तर पाणी दे मला आधी, मंग घालते."

मी म्हणालो, "मावशी, मशीन सांगतंय."

चेअरमन तिथंच खुर्ची टाकून बसले होते. "मशीन खोटं बोलंल का? त्याची काय हिच्याशी दुश्मनी हाय? सोमवारच्या बैठकीत नाव कमी करून टाका सभासदातून. एकीला सोडलं की सगळे शिकतेत."

कौसाबाई तो चार लिटर दुधाचा कॅन उचलून छावणीकडं चालायला लागली. चालताना दूध डचमळत होतं, त्याचा आवाज येत होता. तो आवाज मला अजून येतो.

आक्का नळ्या धूत होत्या. धुता धुता म्हणाल्या, "कंप्युटर, तुज्या मशीनला पाणी दिसतंय का?"

"दिसतं की! नऊ टक्के."

"दिसतंय, का हिशेबानं काढतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. पण त्या सोडायला तयार नव्हत्या, म्हणून मी मशीनबरोबर आलेलं पुस्तक कपाटातून काढलं. प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं मी त्याचं! वाचायला लागलो आणि माझे कान गरम झाले. मशीन पाणी बघतच नव्हतं. चांगल्या दुधात जेवढा माल पाहिजे तो आकडा त्यात आधीच बसवलेला. समोरच्या दुधात माल कमी दिसला की ते वजाबाकी करायचं आणि जो फरक येईल त्याला म्हणायचं 'मिसळलेलं पाणी'.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आक्कांनी पुसलेली नळी खाली ठेवली.

"वजाबाकी बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "नाव चुकलंय."

"पण बाकीच्यांचं कसं बरोबर येतंय मग? छावणीत सगळ्याच गाई वाढं खात्यात."

"बाकीच्यांच्या दावणीला चार-चार जनावरं हायती. एखादी म्हस असती, एखादी गाय नुकती व्यायल्याली. सगळ्यांचं एका कॅनात पडतंय, कमी-जास्त एकमेकांत झाकून जातंय. हिची एकच गाय. हिला झाकायला कोण हाय?" मग त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला. "चल. गाईला विचारू."

हे त्यांचं दुसरं वाक्य. दुधावरनं वाद झाला की त्या म्हणायच्या, गाईला विचारलं का? म्हणजे गोठ्यात जाऊन, स्वतः उभं राहून, कोरड्या भांड्यात शेवटच्या धारेपर्यंत दूध काढून घ्यायचं आणि ते तपासायचं. पुस्तकातलीच जुनी पद्धत आहे, पण आमच्याकडं ती कुणी करायचं नाही. कोण जाणार उन्हात?

संध्याकाळच्या धारेला वेळ होता. आक्कांनी एक कॅन घासून उन्हात पालथा घातला, आतला थेंब न् थेंब वाळला पाहिजे म्हणून. आम्ही कडुनिंबाच्या सावलीत त्याच्यावर लक्ष ठेवून बसलो. शिपायानं चहा आणला. माझा दुधाचा, त्यांचा कोरा.

आणि तेव्हा त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"मी लागले त्याच्या दुसऱ्याच साली असाच दुष्काळ पडलता. नारायणगडाच्या वाटेवर एक वस्ती हाय, तिथले दगडू तात्या. एकच गाय त्यांची. दूध दाट का पातळ बघायचा लॅक्टोमीटर टाकला, खाली बुडाला. पुस्तकात लिहिल्यालं होतं, इतका बुडाला म्हंजे पाणी. मी नवी, हुशार! माज्या हातानं फळ्यावर नाव लिहिलं. तात्या म्हणले, बाई, प्यायला न्हाई, घालू कुठलं? मी म्हणले, पुस्तक सांगतंय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ते फिरून आलेच न्हाईत डेअरीला. महिन्याभरानं आख्ख्या गावांचं दूध तसंच यायला लागलं. किती नावं लिहिणार? तवा डोक्यात उजेड पडला. एका गोठ्यात गेले, समोर धार काढाया लावली. बुडाला लॅक्टोमीटर! गाय जे खाती तेच देती रे. मंग धावत तात्यांच्या घरी गेले. चुकलं म्हणाया. तर दावण रिकामी. गाय इकून टाकल्याली. तात्या बसा म्हणले, चहा सांगितला. घरातनं चहा आला, कोरा."

"गाय नव्हती म्हणून असेल."

"दारात शेळी बांधल्याली होती. मी काय आंधळी हाय? दूध होतं घरात. मला दिलं न्हाई. तात्या तोंडानं वाईट काय बोलले न्हाईत, जाऊ द्या म्हणले. पण त्या कपात सगळं होतं. जिला दुधातलं कळत न्हाई, तिनं दूध कशाला प्यावं?" त्यांनी उरलेला घोट घेतला. "फळ्यावरलं नाव मी पुसलं. चूक झाली असं लिहू द्या म्हणले, तर तवाचे चेअरमन म्हणले संस्थेची इज्जत जाईल. लिहिल्यालं समदे वाचत्यात, लेकरा. पुसल्यालं कुणी वाचत न्हाई."

कॅन वाळला होता. चटका बसत होता हाताला.

संध्याकाळी छावणीत ढवळीभोवती तीस-चाळीस माणसं जमली. चेअरमन आले, सचिव आले. मशीन मी टेम्पोच्या बॅटरीवर जोडून घेतलं. कौसाबाईनं हात धुतले तर आक्का म्हणाल्या, "पुसून कोरडे कर. थेंब नको." मग तिनं दोन्ही हात उलटे-सुलटे करून लोकांना दाखवले, जादूवाला दाखवतो तसे. धार पडायला लागली. रिकाम्या कॅनचा पत्रा आधी वाजला, मग आवाज दबत दबत गेला. शेवटच्या धारेपर्यंत आक्का तिथून हलल्या नाहीत.

मी नमुना घेतला. मशीनमध्ये लावला. चाळीस सेकंद. आयुष्यात एवढे लांब चाळीस सेकंद मी पाहिले नाहीत, कारण मला आता काय पाहिजे होतं ते मलाच कळत नव्हतं. मशीन बरोबर निघावं की चूक?

पडद्यावर लाल आकडा आला. मिसळलेलं पाणी, नऊ टक्के.

मग चेअरमननी पडद्याकडं बघितलं, गाईकडं बघितलं. "म्हंजे गाईनंच पाणी घातलं म्हण की बे!"

असा हशा उसळला! मागून एकजण ओरडला, "गाईचं नाव टाका मेसेजमध्ये!" "ढवळीला सभासदातून काढा!" चेअरमनसुद्धा पोट धरून हसत होते.

कौसाबाई हसली नाही. तिनं गाईच्या पाठीवर हात ठेवला होता. म्हणाली, "काल टँकर आला, तर मी लाइनीत शेवटाला उभी ऱ्हायले. म्होरं उभं ऱ्हायाची लाज वाटती."

हशा थांबला.

मी तिथंच उभ्या उभ्या मेसेज टाकला. 'कौसाबाईंच्या दुधात पाणी नव्हतं. चूक आमची.' सगळ्यांचे फोन एकापाठोपाठ वाजले. ज्यानं टँकरचा टोमणा मारला होता त्याचापण वाजला. चेअरमन म्हणाले, सोमवारचं राहू द्या. आणि माणूस मोठा दिलाचा, दुसऱ्या दिवशी ढवळीला सरकी पेंडीचं पोतं पाठवून दिलं. पंधरा-वीस दिवसांत ढवळीचं पाणी आपोआप उतरलं! आक्कांनी 'मोडलेलं' वहीत लिहिलं: 'माल कमी म्हणजे पाणी.' खाली लाल रेघ.

आता आक्का सगळ्यांना साधू समजायच्या असं समजू नका. त्याच महिन्यात त्यांनी एकाला धरलं, म्हशीच्या दुधात टँकरचं पाणी घालणारा. "घालत्यात की लोकं! म्हणून तर इचारायचं असतंय," म्हणायच्या.

ढवळीची धार तपासली त्या संध्याकाळी कौसाबाईनं तीन दगडांच्या चुलीवर चहा केला, ढवळीच्याच दुधाचा. सगळ्यांना दिला. आक्कांच्या हातात कप दिला तर त्यांनी तो माझ्या हातात दिला. "मला कोरा दे बाई."

मी हळूच म्हणालो, "आक्का, आज तरी."

"तुझ्या मावशीचं मिटलं," त्या म्हणाल्या. "तात्यांचं कुठं मिटलंय?"

मी सॉफ्टवेअरमधला शब्द बदलला. 'पाणी' काढून 'माल कमी, गाईला विचारा' असं टाकलं. कंपनीची नवीन आवृत्ती आली की 'पाणी' परत येतं. मी परत बदलतो. किती वेळा बदललं, सोडून द्या.

दोन वर्षं भरली, आक्का रिटायर झाल्या. नारळ, शाल, चेअरमनचं लांबलचक भाषण. सगळं आटोपल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "कंप्युटर, तुझा तो मेसेज अजून सगळ्यांला जातोय का?"

"जातो की."

"मंग लिही." त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. 'पूर्वीच्या दुष्काळात डेअरीच्या फळ्यावर दगडू तात्यांचं नाव लिहिलं होतं. त्यांनी पाणी घातलं नव्हतं. तपासणी माझी होती. गाईला विचारलं नव्हतं.' खाली त्यांचं नाव.

मी चेअरमनकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, टाक म्हणून.

"शेवटी 'आजपातूर तरी' लिहू का?" मी विचारलं. हसवायला विचारलं.

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "ह्याला न्हाई लागत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लेकीकडं पुण्याला गेल्या. खुंटीवर कोट तसाच. उजेड आला की भोकांतनं भिंत दिसायची.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. नारायणगडाच्या वाटेवरनं, चालत. हातात तांब्या, वर फडकं बांधलेलं. म्हणाली, नातवाच्या फोनवर आलंय, त्यानं वाचून दाखवलं. दगडू तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही त्यांची बायको.

"ती बाई कुठंय?"

"गेल्या आज्जी, पुण्याला. कालच."

म्हातारी बाकावर टेकली. तांब्या मांडीवर. "नातवानं गाय घेतलीया. त्या बाईसाठी तिचं दूध आणलं होतं." मग म्हणाली, "तिला म्हणावं, त्या दिवशी दूध न्हवतं."

"कुठल्या दिवशी?"

"घरी आलती ती. शिकल्याली पोर, पहिल्यांदाच आल्याली, अन् मी कोरा चहा दिला. शेळी होती दारात, पण आटल्याली. मागनं शेजारी मागाया गेलते, त्यांच्यातबी मिळालं न्हाई. म्हाताऱ्याला लई लागलं ते. मरेस्तोवर म्हणायचा, ती बाई चूक सांगाया उन्हाची आली अन् आपण तिला दुधाचा चहाबी दिला न्हाई."

मी तिच्यासमोरच फोन लावला. आक्कांनी उचलला आणि पहिला प्रश्न, "मशीन बरं हाय का?"

मी सगळं सांगितलं. भराभर, पुढचं मागं, मागचं पुढं. शेळीपाशी येऊन थांबलो.

"आक्का?"

"शेळीला इचारायचं राहिलं की रे," त्या म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. हसतच होत्या, मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला, परत हसल्या. "वही हाय का तिथं? मोडलेलं? लिही त्यात."

"काय लिहू?"

"शेळी दिसली म्हंजे दूध हाय." मग म्हणाल्या, "लाल रेघ वढ."

मी म्हातारीच्या दुधाचा चहा टाकला. मशीनला लावलं नाही, पहिल्यांदाच. फोन तसाच चालू होता. पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग लायटरची टकटक, मग गॅस पेटल्याचा. मग आक्का म्हणाल्या, ठेवते रे, आणि ठेवला.

त्या चहात दूध पडलं का नाही, मला माहीत नाही. आजपातूर तरी.